ईम गाव, डर्बीशर: जायच्या आधी सगळेजण विचारतात ते प्रश्न

शेफील्डला राहायला आल्यापासून भारतातून आमच्याकडे जे कोणी येतं त्याला मी एकदा तरी ईमला घेऊन जाते. लंडन, एडिनबरा सगळं बघून झालेलं असतं, हे गाव कोणी ऐकलेलं नसतं, आणि गाडीत बसल्यापासून प्रश्न सुरू होतात. दर वेळी तेच प्रश्न, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच ठेवावं.

हे नाव नक्की कसं म्हणायचं आणि गाव आहे कुठे?

ईम. स्पेलिंग बघून लोक इयाम, एयाम काहीही म्हणतात पण तिथले लोक सरळ ईम म्हणतात, आपल्या 'थीम'मधल्या 'ईम'सारखं. इंग्लंडच्या मध्यभागी डर्बीशर नावाची काउंटी आहे, तिथल्या पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कमध्ये डोंगरउतारावर वसलेलं गाव आहे. शेफील्डहून गाडीने अर्ध्यापाऊण तासात पोचतो. वस्ती आजही हजाराच्या आसपासच, एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना करड्या दगडाची घरं, मध्ये चर्च.

एवढ्याशा गावाला लोक कशासाठी जातात?

प्लेगसाठी. १६६५ साली लंडनमध्ये प्लेगने थैमान घातलं होतं ते आपण शाळेत वाचलेलं असतं, तोच प्लेग दीडशे मैल लांब या डोंगरातल्या गावात येऊन पोचला, आणि तेव्हा या गावाने काय केलं तर स्वतःच्या गावाची शीव स्वतःच बंद करून घेतली. आतलं कोणी बाहेर जाणार नाही, बाहेरचं कोणी आत येणार नाही. आजूबाजूच्या गावांना, बेकवेलला, शेफील्डला रोग जाऊ नये म्हणून. पळून जायचे रस्ते उघडे होते, डोंगर आहेत, रात्री कोणी अडवलं नसतं, तरी बहुतेक जण राहिले आणि त्यातले खूप जण मेले. मी इतक्या वेळा गेले आहे तरी त्या रस्त्यावरून चालताना मला अजून गप्पच व्हायला होतं.

पण प्लेग तिथे आला कसा?

कापडातून, असं गावात सांगतात. ॲलेक्झांडर हॅडफिल्ड नावाच्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला, १६६५ च्या उन्हाळ्याच्या शेवटी. त्याच्या घरी जॉर्ज व्हिकर्स नावाचा कामाचा माणूस राहत होता, त्याने गठ्ठा उघडला तर कापड दमट लागलं म्हणून चुलीपुढे वाळत घातलं. कापडात पिसवा होत्या. आठवड्याभरात तो आजारी पडला आणि ७ सप्टेंबरला गेला, मग त्याच घरातला लहान मुलगा एडवर्ड कूपर, मग शेजारची घरं, असं करत करत ऑक्टोबरपर्यंत रोज कोणाच्या ना कोणाच्या दारात रडारड. ते घर अजून आहे, चर्चच्या शेजारीच, प्लेग कॉटेज म्हणतात त्याला.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा की तेव्हा कोणालाच पिसवांचं माहीत नव्हतं. देवाचा कोप, वाईट हवा असंच सगळे समजायचे. प्लेगचा जंतू सापडला १८९४ साली हाँगकाँगमध्ये आणि तो पिसवांमुळे पसरतो हे सीमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं १८९८ साली कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, आपल्याकडे प्लेग चालू असताना. ईमच्या लोकांना ज्याचं उत्तर मिळालं नाही ते सव्वादोनशे वर्षांनी आपल्या बाजूला मिळालं, मला हे फार विलक्षण वाटतं.

गाव बंद करायचं कोणी ठरवलं? राजाचे सैनिक आले होते का?

नाही हो, कोणी सैनिक नाही. दोन धर्मगुरूंनी ठरवलं आणि गावाला पटवलं. एक विल्यम मॉम्पेसन, अजून तिशीही न गाठलेला, नुकताच १६६४ मध्ये रेक्टर, म्हणजे गावच्या चर्चचा मुख्य धर्मगुरू, म्हणून आलेला, बाहेरचा माणूस, गावात कोणाचा फार विश्वास नाही. दुसरे टॉमस स्टॅन्ली, आधीचे धर्मगुरू, प्युरिटन, म्हणजे चर्चचे विधी अगदी साधे हवेत अशा मताचे, १६६२ च्या कायद्याने आणलेल्या नव्या प्रार्थनापद्धतीला त्यांनी मान्यता दिली नाही म्हणून पद गेलेलं, पण गाव त्यांना मानायचं. म्हणजे दोघांची मतं विरुद्ध, एकाच्या जागेवर दुसरा आलेला, तरी त्या वेळी दोघं एकत्र उभे राहिले. माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा खरा कणा हाच आहे, स्टॅन्लींनी शब्द टाकला नसता तर त्या तरुण पोराचं गावाने ऐकलंच नसतं.

हिवाळ्यात साथ मंदावली होती, मे १६६६ मध्ये तर अगदी मोजकेच मृत्यू झाले, लोकांना वाटलं सुटलो. आणि जूनमध्ये परत उसळली. तेव्हा जून १६६६ मध्ये तीन गोष्टी ठरल्या. ज्याचं माणूस जाईल त्याने ते आपल्याच शेतात, परसात पुरायचं, चर्चच्या आवारात आणायचं नाही. चर्चला कुलूप, प्रार्थना उघड्यावर, ककलेट डेल्फ नावाच्या घळीत, तिथे कुटुंबं एकमेकांपासून लांब लांब उभी राहायची. आणि तिसरी, शीव बंद.

मग पाच महिने खाल्लं काय?

चॅट्सवर्थचा मोठा वाडा तिथून जवळच आहे, तिथले अर्ल ऑफ डेव्हनशर यांनी धान्य आणि लागेल ते सामान पाठवायचं कबूल केलं आणि शेवटपर्यंत पाठवलं. शेजारच्या गावचे लोकही आणून ठेवायचे. सामान शिवेवर ठेवायचं, ठेवणारा निघून गेला की ईमचे लोक येऊन उचलणार. पैसे द्यायचे तर हाताहातात नाही. स्टोनी मिडलटन गावाकडे जाणाऱ्या पायवाटेवर एक मोठा दगड आहे, बाउंड्री स्टोन, त्यावर सहा भोकं आहेत, त्यात व्हिनेगर भरून त्यात नाणी टाकायचे. उत्तरेला डोंगरावर एक झरा आहे, मॉम्पेसनची विहीर म्हणतात, तिथे वाहत्या पाण्यात नाणी ठेवायचे.

तो दगड बघायला नक्की जा. गावातून चालत वीसेक मिनिटं लागतात, शेतातून वाट आहे, पाऊस झाला असेल तर चिखल असतो म्हणून चांगले बूट घाला. भोकांच्या कडा इतकी वर्षं लोकांच्या बोटांनी गुळगुळीत झाल्यात आणि आजही लोक त्यात नाणी टाकतात. माझी आई आली होती तेव्हा तिने काही न बोलता पर्समधून रुपयाचं नाणं काढून टाकलं होतं, शिवेवरच्या देवाला टाकतात तसं.

रायली ग्रेव्हज म्हणजे काय?

गावाच्या पूर्वेला अर्ध्या मैलावर, चढावर, शेताच्या मध्ये गोल दगडी कुंपण आणि आत काही थडगी आहेत. हॅनकॉक कुटुंबाची. ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत एलिझाबेथ हॅनकॉक या बाईचा नवरा आणि सहा मुलं गेली. सात माणसं. ठरल्याप्रमाणे घरच्यांनीच पुरायचं, आणि घरात दुसरं कोणी उरलंच नव्हतं, म्हणून तिने एकटीने खड्डे खणले आणि एकटीने ओढत नेऊन पुरली. असं सांगतात की समोरच्या डोंगरावरून स्टोनी मिडलटनचे लोक लांबून बघत होते पण जवळ यायची सोय नव्हती. स्वतः ती वाचली. नंतर शेफील्डला तिचा एक मुलगा काम शिकायला होता त्याच्याकडे निघून गेली.

तिथे गेलं की खाली हिरवीगार दरी दिसते, मेंढ्या चरत असतात, वारा फार असतो. आता ती जागा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. तिथे आमच्याकडचा कोणीही पाहुणा फोटोसाठी उभा राहिलेला मला आठवत नाही.

एकूण किती माणसं गेली?

साधारण २६०. साथ संपल्यावर नोव्हेंबर १६६६ मध्ये लिहिलेल्या पत्रात मॉम्पेसनने ७६ कुटुंबं आणि २५९ माणसं असा आकडा दिला आहे. एकट्या ऑगस्ट महिन्यात पाऊणशेच्या वर गेली. शेवटचा मृत्यू १ नोव्हेंबर १६६६. पूर्वी सांगायचे की गावात ३५० माणसंच होती, म्हणजे चारातली तीन गेली, पण नंतर कागदपत्रं नीट तपासल्यावर वस्ती ७०० च्या आसपास असावी असं दिसतं. म्हणजे तीनात एकाहून जास्त. जुनी पुस्तकं, काही वेबसाइट अजून तो जुना आकडा देतात म्हणून गोंधळ होतो.

रेक्टरने स्वतःची मुलं आधीच बाहेर पाठवली होती हे खरं का?

खरं आहे. जॉर्ज आणि एलिझाबेथ ही दोन मुलं शीव बंद व्हायच्या आधी यॉर्कशरला पाठवली. काही श्रीमंत घरंही आधीच निघून गेली होती. हा प्रश्न विचारताना लोकांचा सूर जरा रागाचा असतो आणि तो राग मला समजतो, कारण ज्यांच्याकडे दुसरीकडे जायला घर नव्हतं तेच मागे राहिले, हे तेव्हाही तसंच आणि आताही तसंच. पण त्याने बायकोलाही मुलांबरोबर जा म्हणून विनवलं होतं आणि ती गेली नाही. कॅथरीन तिचं नाव. आजाऱ्यांच्या घरी जात राहिली आणि २५ ऑगस्ट १६६६ ला प्लेगनेच गेली. त्यानंतर त्याने मुलांना आईच्या मृत्यूचं कळवणारं पत्र लिहिलं ते आजही वाचायला मिळतं आणि वाचवत नाही.

तिची कबर चर्चच्या आवारात आहे. प्लेगमध्ये गेलेल्यांची थडगी त्या आवारात तुम्हाला जवळपास सापडणारच नाहीत, बाकी सगळी माणसं गावभर कुठे परसात, कुठे कुरणात, कुठे भिंतीच्या कडेला पडली आहेत. स्मारक म्हणून एक जागा दाखवता येत नाही, तुम्ही ज्यावर चालता ते अख्खं गावच ते आहे.

मॉम्पेसन १६६९ मध्ये नॉटिंगहॅमशरमधल्या ईकरिंगला गेला तर तिथले लोक इतके घाबरले की त्याला सुरुवातीला गावात घेईनात, बाहेर झोपडीत राहिला आणि झाडाखाली उभं राहून प्रवचन द्यायचा असं सांगतात. स्टॅन्ली ईममध्येच राहिले, १६७० मध्ये गेले.

पण गाव बंद करणं बरोबर होतं का? उलट जास्त माणसं मेली नसतील का?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आणि तो बहुतेक वेळा आपलेच लोक विचारतात, कारण आपल्याकडे उलटी रीत होती. माझी आजी सांगायची, तिने तिच्या आईकडून ऐकलेलं, की घरात उंदीर पडायला लागले की गाव उठायचं, सगळे माळावर झोपड्या बांधून राहायचे आणि साथ गेल्यावर परत यायचे. उंदीर आणि पिसवा मागे राहिल्या की माणूस वाचायचा, म्हणजे कारण माहीत नसतानाही लोकांनी बरोबर उपाय शोधला होता. ईमच्या लोकांनी तसं आपल्याच हद्दीत माळावर जाऊन राहायचं ठरवलं असतं तर कदाचित बरेच वाचले असते. पण २०१६ मध्ये संशोधकांनी चर्चच्या नोंदींवरून हिशोब केला तर असं निघालं की तिथे जवळजवळ तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला, मुख्यतः घरातल्या घरात झाली होती. मग नुसतं उंदरांपासून लांब जाऊन किती फरक पडला असता हे ठरवणं तितकं सोपं राहत नाही. बाहेरच्या गावांसाठी मात्र ते वाचवणारंच ठरलं, रोग शिवेच्या आतच राहिला.

आणि पुण्याशी तुलना केल्याशिवाय मला राहवत नाही. १८९७ मध्ये आपल्याकडे साथरोगाचा कायदा आला, सैनिक घरात घुसून झडती घ्यायचे, माणसं उचलून न्यायचे, त्यातूनच पुढे जूनमध्ये रँडचा खून झाला. रोग तोच, वेगळं ठेवायचा उपायही तोच, पण एका ठिकाणी आपल्याच माणसांनी सांगून केला आणि दुसऱ्या ठिकाणी परक्या सरकारने बंदुकीच्या जोरावर. कॅथरीनच्या कबरीपाशी उभं राहिलं की मला दर वेळी सावित्रीबाई आठवतात, त्याच साथीत आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं आणि १० मार्च १८९७ ला त्याच प्लेगने गेल्या. जाता येत असताना न गेलेल्या या दोघी बायका.

एमट आणि रोलंडची प्रेमकहाणी खरी आहे का?

एमट सिडल ईमची, रोलंड टोर शेजारच्या स्टोनी मिडलटनचा, लग्न ठरलेलं. साथ आल्यावर दोघं ककलेट डेल्फला लांबून, न बोलता एकमेकांना बघून जायचे अशी कथा आहे. एप्रिल १६६६ च्या शेवटी ती यायची थांबली. तो येत राहिला आणि शीव उघडल्यावर गावात सगळ्यात आधी शिरणाऱ्यांमध्ये तो होता. एमटच्या मृत्यूची नोंद आहे, बाकी भेटीगाठींची गोष्ट तोंडातोंडी आलेली. चर्चमधल्या १९८५ च्या रंगीत काचेच्या खिडकीत ती दोघं आहेत, नक्की बघा.

जे वाचले ते कसे वाचले? काही जीन वगैरे होतं म्हणतात?

काही वर्षांपूर्वी ईमच्या वंशजांच्या रक्तात एक जनुकबदल शोधून त्यामुळे ते वाचले अशी चर्चा टीव्हीवर झाली होती, पण त्या बदलाने प्लेगपासून संरक्षण मिळतं हे पुढच्या संशोधनात टिकलं नाही. तेव्हा ते सोडून द्या. मार्शल हाउ म्हणून एक माणूस आजारातून उठला होता, आपल्याला परत होणार नाही या खात्रीने इतरांची प्रेतं पुरायचा आणि बदल्यात त्या घरातलं सामान घ्यायचा, आणि त्याची स्वतःची बायको आणि मुलगा गेले. मार्गारेट ब्लॅकवेल नावाच्या आजारी मुलीने तहानेने तळणीतली गरम चरबी पाणी समजून पिऊन टाकली आणि बरी झाली असंही सांगतात. गोष्ट म्हणून ऐकायची.

चर्चमध्ये आणखी काय बघायचं?

बरंच. सेंट लॉरेन्सचं चर्च. आवारात आठव्या शतकातला सॅक्सन क्रॉस आहे, कोरीवकाम अजून स्पष्ट दिसतं, खांबाचा मधला तुकडा गायब आहे म्हणून जरा बुटका वाटतो. भिंतीवर १७७५ चं सूर्यघड्याळ आहे, नुसती वेळ नाही तर दूरदेशीच्या शहरांच्या वेळेचा फरकही त्यावर कोरला आहे, ढग नसतील तर दहा मिनिटं तिथेच जातात. आत मॉम्पेसनची खुर्ची आणि प्लेगमध्ये गेलेल्यांच्या नावांचं पुस्तक, पान उलटताना एकच आडनाव परत परत येतं.

आणि आपल्या क्रिकेटवेड्या लोकांसाठी, हॅरी बॅगशॉची कबर शोधा. डर्बीशरकडून खेळायचा, १९२७ मध्ये वारला. दगडावर बॅट आणि मोडलेले स्टंप कोरलेत आणि वर अंपायरचं वर केलेलं बोट. माझे सासरे तिथे टोपी काढून उभे राहिले होते.

प्लेग सोडून गावाला काही इतिहास आहे का?

आहे ना. वरच्या माळावर कांस्ययुगातलं दगडांचं कडं आहे, वेट विदन्स. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, गावाचं नाव आहे. शतकानुशतकं शिशाच्या खाणी हाच मोठा धंदा, नंतर रेशीम आणि कापूस विणणं, मग बुटांचे कारखाने. १५८८ पासून झऱ्याचं पाणी नळीने आणून गावभर दगडी कुंड्यांत सोडलं होतं, इंग्लंडातल्या खेड्यांमधल्या अगदी सुरुवातीच्या पाणीयोजनांपैकी ही एक, त्या कुंड्या रस्त्याच्या कडेला अजून दिसतात. ईम हॉल हा वाडा प्लेगनंतर थोड्याच वर्षांत बांधलेला. कवयित्री ॲना स्युअर्ड १७४२ मध्ये इथेच जन्मली, तिचे वडील इथले रेक्टर होते.

कधी जावं?

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी प्लेग संडे असतो, चर्चपासून ककलेट डेल्फपर्यंत मिरवणूक जाते, उघड्यावर प्रार्थना होते आणि कॅथरीनच्या कबरीवर फुलांचं चक्र वाहतात. त्याच सुमाराला वेल ड्रेसिंग, म्हणजे ओल्या मातीच्या फळ्यांवर पाकळ्या, पानं, बिया टोचून चित्रं करतात आणि विहिरीपाशी ठेवतात. आपल्या फुलांच्या रांगोळीची आठवण येते, फक्त ही उभी असते. गर्दी नको असेल तर मे किंवा जूनमध्ये जा. म्युझियम हिवाळ्यात बंद असतं, तेव्हा निघायच्या आधी तपासा. छोटं आहे पण मनापासून केलेलं, छतावरच्या वातकुक्कुटाच्या जागी उंदीर आहे.

जायचं कसं, वेळ किती लागतो?

शेफील्डहून बस आहे, किंवा ट्रेनने ग्राइंडलफर्डला उतरून पुढे दोनतीन मैल चढ चालायचा. गाडी असेल तर म्युझियमसमोर पार्किंग आहे. चर्च, कॉटेज, म्युझियम, बाउंड्री स्टोन आणि रायली असं सगळं करायचं तर चार तास ठेवा. पोळीभाजी बरोबर घेतलीत तर उत्तम.

प्लेगमध्ये माणसं गेली त्या घरांमध्ये आता कोण राहतं? आत जाता येतं का?

नाही, ती लोकांची राहती घरं आहेत. अशा बऱ्याच घरांसमोर हिरवी पाटी आहे, त्यावर त्या घरातून कोण कोण गेलं त्यांची नावं आणि तारखा. रोझ कॉटेजच्या पाटीवर थॉर्प कुटुंबाची नऊ नावं आहेत. पाटी रस्त्यावरूनच वाचा, खिडकीतून आत डोकावू नका, फाटक उघडू नका. मागच्या वेळी आम्ही वाचत उभे होतो तर आतून एक आजी बाहेर आल्या, कुंड्यांना पाणी घातलं, आम्हाला वाचून होईपर्यंत झारी हातात धरून बाजूला थांबल्या आणि मग पाटीखालच्या कुंडीला पाणी घातलं.